खोली, खानावळ आणि महिन्याचा हिशेब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. कोणता अभ्यासक्रम निवडावा, हे विचारणारी पत्रे कमी होतात आणि प्रवेश मिळेल, पण शहरात राहण्याचा खर्च कसा झेपायचा, हे विचारणारी पत्रे वाढतात. या अंकात अशीच काही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीला कोल्हापुरातल्या महाविद्यालयात बी. फार्मसीला प्रवेश मिळेल असे दिसते. आमची तीन एकर शेती आहे. गावाहून रोज जाऊन येणे शक्य नाही. ओळखीच्या एकाने शहराबाहेर दीड हजार रुपये भाड्याची खोली दाखवली आहे. महाविद्यालयाजवळच्या खोल्यांना हजारभर रुपये जास्त पडतात. स्वस्तातली खोली धरावी का? महिन्याला एकूण किती पैसे धरून चालावे?
— एक पालक, गडहिंग्लज तालुका

उत्तर : खोलीचा निर्णय थोडा थांबवा आणि आधी वसतिगृहांचे अर्ज भरा. तुमची मुलगी ज्या शहरात येते आहे, त्या शहराने हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखला होता. खेड्यातली हुशार मुले केवळ राहण्याजेवण्याची सोय नाही म्हणून शिक्षण सोडतात, हे पाहून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढच्या दोन दशकांत जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. दसरा चौकाच्या परिसरात यांतली अनेक बोर्डिंगे आजही उभी आहेत. इतकी मोठी परंपरा असलेल्या शहरात एकाही वसतिगृहाचे दार न ठोठावता थेट खोलीचे भाडे मोजायला लागणे मला पटत नाही.

मुलीसाठी तीन ठिकाणी चौकशी करावी : महाविद्यालयाचे स्वतःचे मुलींचे वसतिगृह, समाजसंस्थांची मुलींची वसतिगृहे आणि तुम्ही संबंधित प्रवर्गात येत असाल तर शासकीय वसतिगृह, जिथे राहणे आणि जेवण दोन्ही विनामूल्य असते. प्रवेश निश्चित होईपर्यंत थांबलात तर जागा भरून गेलेल्या असतात, म्हणून गुणपत्रिका हातात येताच तिन्हीकडे अर्ज टाकावेत. त्याच धावपळीत तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणि अल्पभूधारक असल्याचा दाखलाही काढून ठेवा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या, व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. त्याशिवाय, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत मिळत नाही, हे प्रवेशाच्या गडबडीत अनेक पालकांच्या लक्षात येत नाही.

वसतिगृह मिळालेच नाही, तर तुमच्या पत्रातले आकडे घेऊनच हिशेब करू. दूरची खोली दीड हजार आणि जवळची अडीच हजार रुपयांना आहे. बस किंवा वडापला, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या खासगी गाडीला, एका वेळचे वीस रुपये धरले, तरी महिन्यातल्या पंचवीस कामकाजाच्या दिवसांत जाण्यायेण्याचे हजार रुपये होतात. म्हणजे भाड्यातली सगळी बचत इथेच संपली. फार्मसीची प्रात्यक्षिके दुपारनंतर चालतात. एखाद्या संध्याकाळी उशीर झाला आणि बस चुकली, तर एकटीसाठी रिक्षा करावी लागेल, ती वेगळीच. रोजच्या प्रवासात जाणारा दीड-दोन तासांचा वेळही अभ्यासाचा आणि झोपेचा आहे. मी जवळचीच खोली घ्या, असे म्हणेन. मात्र ती दोघींनी किंवा तिघींनी मिळून घ्यावी. तसे केले तर जवळच्या खोलीतला एकीचा वाटा दूरच्या खोलीच्या भाड्यापेक्षा कमी पडतो आणि सोबतही होते.

खोली पाहायला जाताना भाड्यापेक्षा इतर गोष्टी जास्त विचाराव्यात. पहिली वीज. एकाच मीटरवर चार-पाच खोल्या जोडलेल्या असतील, तर सगळ्यांचा मिळून वापर महावितरणच्या वरच्या टप्प्यात जातो. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो आणि त्यापुढच्या टप्प्यात तो बराच वाढतो. म्हणून खोलीला वेगळा मीटर आहे की सबमीटर, आणि सबमीटर असेल तर मालक युनिटला काय दर लावतात, हे आधीच ठरवून घ्यावे. दुसरी गोष्ट पाण्याची. नळाला पाणी किती दिवसांआड येते आणि टाकी कितीजणांत आहे, हे मालकांना विचारण्याऐवजी तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलींना विचारावे. तिसरी गोष्ट खास कोल्हापूरची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीपासून व्हीनस कॉर्नरपर्यंत शहरात आले होते. तळमजल्याची खोली कुणी स्वस्तात देत असेल, तर त्या दोन वर्षी तिथे पाणी किती चढले होते, हे शेजाऱ्यांकडून समजून घ्यावे. प्रवेशाचे दिवस आणि पुराचे दिवस एकाच वेळी येतात, आणि पुस्तके, गादी, लॅपटॉप भिजले तर वर्षभराची काटकसर एका रात्रीत वाहून जाते.

करार लेखी करून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि त्याची जबाबदारी घरमालकावर आहे. भाड्याची पावती देणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. अनामत रक्कम परत कधी मिळणार आणि त्यातून रंगकामाचे पैसे कापले जाणार का, हे करारातच लिहून घ्यावे, कारण वर्षाच्या अखेरीस वाद होतो तो याच मुद्द्यावर. निर्वाह भत्त्याच्या योजनांतही बाहेर भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागितला जातो, तेव्हा तोच कागद कामी येतो.

महिन्याचा एकच आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण तो जागेवर आणि जेवणाच्या सोयीवर अवलंबून आहे. तुम्ही असे करा : पहिल्या महिन्याचा खर्च कायम वेगळा धरा. अनामत, बादली, गादी, कुलूप, वह्या, ओळखपत्राचे फोटो यांत तो फुगतोच आणि त्यावरून पुढच्या महिन्यांचा अंदाज केला तर घरात उगाच काळजी पसरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याचा खर्च मुलीने रोजच्या रोज लिहावा. त्या दोन महिन्यांची सरासरी हा तुमचा खरा आकडा. गादी, पांघरूण, बादली, पातेली, तांदूळ, चटणी आणि शेंगदाणे घरूनच द्यावेत.

प्रश्न : मी राजारामपुरीत दोन रूम पार्टनरसोबत राहतो. घरून येणारे पैसे महिन्याच्या वीस तारखेलाच संपतात. सगळ्यात मोठा खर्च मेसचा आहे. दुपारची मेस ठेवून रात्री वडापाव किंवा मॅगीवर भागवावे, असे मनात आहे. खोलीत स्वयंपाक केला तर खरेच स्वस्त पडेल का?
— बी.कॉम.चा विद्यार्थी, मूळ राहणार राधानगरी तालुका

उत्तर : रात्रीचे जेवण सोडू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. वसतिगृहांच्या कामाशी माझा अनेक वर्षे संबंध आहे आणि पैसे कमी पडले की मुले सर्वांत आधी जेवणावर घसरतात, हे मी वारंवार पाहिले आहे. खोलीभाड्यासाठी मालक दारात येतात, मोबाइलचा रिचार्ज संपला की फोन बंद पडतो, पण जेवण चुकवले तर कुणी जाब विचारत नाही, म्हणून सगळी काटछाट तिथे होते. वडापावाने तासभर भूक दबते आणि रात्री अकराला पुन्हा चहा-बिस्किटांसाठी बाहेर पडावे लागते. आठवड्याचा हा किरकोळ खर्च लिहून काढलात, तर रात्रीच्या जेवणाच्या पैशांच्या तो बराच जवळ गेलेला दिसेल. शिवाय परीक्षेच्या तोंडावर आजारपण आले, तर औषधांचा खर्च वेगळा. तशी वेळ आलीच, तर खासगी दवाखान्यात जाण्याआधी सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन केसपेपर काढावा. साध्या तापासाठी आणि रक्ताच्या तपासणीसाठी विद्यार्थ्याला मोठे बिल करण्याची गरज नसते.

आता मेसचा हिशेब नीट पाहू. बहुतेक खानावळींत रविवारी रात्री सुट्टी असते, म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात साधारण ५६ जेवणे होतात. तुम्ही राधानगरीकडचे आहात, तेव्हा दर शनिवारी संध्याकाळी घरी जात असणार. शनिवार रात्र आणि रविवार दुपार अशी आठवड्याला दोन, महिन्याला आठ जेवणे तुम्ही घेतच नाही. हा एकूण पैशांचा सातवा हिस्सा झाला. खानावळ ठरवताना चवीआधी हे विचारले पाहिजे : खाडे धरतात का? काही ठिकाणी सलग दोन दिवसांचा खाडा असेल तरच वजा करतात, काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगितले तरच धरतात, आणि काही ठिकाणी अजिबात धरत नाहीत. खाडे धरणारी खानावळ महिन्याला दोनशे रुपयांनी महाग असली, तरी तुमच्यासारख्या मुलाला ती स्वस्त पडू शकते. खाडा सांगितला की मावशींच्या वहीत आपल्या नावापुढे त्याच वेळी खूण करून घ्यावी आणि आपल्याकडेही तारीख लिहून ठेवावी. महिनाअखेरीस तोंडी आठवणींवर हिशेब केला तर दोन्हीकडे कटुता येते, आणि ज्या बाईच्या हातचे आपण रोज जेवतो तिच्याशी कटुता असू नये. घरचा तांदूळ असेल तर तोही विचारून पाहावा. घरगुती डबा देणाऱ्या काही मावशी पोतेभर चांगला तांदूळ घेऊन महिन्याचे पैसे कमी करतात.

खोलीत स्वयंपाक करणे स्वस्त पडते, पण तिघेही तयार असतील आणि पाळ्या पाळल्या जात असतील तरच. एकट्याने एकट्यापुरते शिजवले तर भाजी वाया जाते, आठ दिवसांत कंटाळा येतो आणि विकत घेतलेली शेगडी कोपऱ्यात पडून राहते. तिघांत मिळून करायचे असेल, तर मी सुचवेन तो मार्ग असा : वरण-भात, आमटी, उसळ आणि भाजी खोलीत करावी आणि चपात्या किंवा भाकऱ्या पोळी-भाकरी केंद्रातून विकत आणाव्यात. नवख्या मुलाचा सगळा वेळ आणि उत्साह भाकरी थापण्यात जातो. तो वाचला की उरलेला स्वयंपाक अर्ध्या तासाचा आहे. तीन लिटरचा कुकर घ्या, खाली तुरीची किंवा मुगाची डाळ आणि वरच्या डब्यात भात लावा. डाळ शिजली की लसणाची फोडणी आणि घरचा कांदा-लसूण मसाला घातला, की आमटी झाली. सकाळी भिजवलेली मटकी रात्री फडक्यात बांधून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उसळीपुरते मोड येतात. या दिवसांत शेंगदाणे, गूळ, अंडी आणि दूध यांवर हात आखडता घेऊ नका. कोल्हापुरात गूळ आणि म्हशीचे दूध दोन्ही चांगले मिळते, आणि भुकेच्या वेळी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा पाकिटातल्या कुठल्याही खाऊपेक्षा पोटाला जास्त आधार देतो. भाजी एकेका दिवसाची गल्लीतल्या दुकानातून घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा लक्ष्मीपुरीत किंवा कपिलतीर्थ मार्केटमध्ये जाऊन तिघांची एकत्र आणावी.

इंधनाचे मात्र आधी ठरवा. मालकांची परवानगी असेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही. मोठ्या सिलिंडरमधून लहान टाकीत गॅस भरून देणाऱ्यांकडे चुकूनही जाऊ नका. तो प्रकार बेकायदेशीर आहे आणि त्यातून स्फोट होतात. इंडक्शन शेगडी वापरणार असाल, तर २००० वॅटची शेगडी पूर्ण क्षमतेने तासभर चालली की दोन युनिट वीज लागते, हे लक्षात घेऊन मालकांशी आधीच बोला. त्यांच्या नकळत शेगडी लावली आणि बिल वाढले, तर तुमच्यावरचा त्यांचा विश्वास कायमचा जाईल.

तुमच्या गावाहून सकाळची एसटी रंकाळा किंवा संभाजीनगर स्थानकावर येत असेल, तर घरच्या डब्याचाही विचार करा. एसटीने मुलाला डबा पाठवण्याची आपल्या भागात जुनी रीत आहे. वाहकाच्या ओळखीने आलेला भाकरी-भाजीचा डबा गाडी लागताच उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत पाठवायचा, असे करून पदवीपर्यंत पोहोचलेली मुले मी पाहिली आहेत. मात्र गाडीच्या वेळेला स्थानकावर हजर राहणे तुमच्या तासांच्या वेळापत्रकात बसले पाहिजे, आणि आईला पहाटे उठावे लागते याची जाण ठेवून आठवड्यातले दोन-तीन दिवसच हा डबा मागवावा.

प्रश्न : आम्ही कागलला राहतो. मुलगा कोल्हापुरात शिकणार आहे. जाण्यायेण्यासाठी जुनी मोटरसायकल घेऊन द्यावी की खोली घ्यावी?
— एक पालक, कागल

उत्तर : दोन्ही नको. कागलहून कोल्हापूर वीसेक किलोमीटर आहे आणि गाड्या भरपूर आहेत. एसटीच्या मासिक विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा केवळ तिसरा हिस्सा भरावा लागतो. जुन्या गाडीची किंमत आपण एकदाच मोजतो, पण पेट्रोल, विमा, टायर आणि दुरुस्ती दर महिन्याला चालू राहते. महामार्गावर रोज दोनदा एकोणीस वर्षांचा मुलगा दुचाकीवर असणार, ही काळजी वेगळी. पास काढण्यासाठी महाविद्यालयाचा शिक्का लागतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो अर्ज करून टाका. बसस्थानकापासून महाविद्यालय दूर असेल तर केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, पासाची चौकशी करा.

प्रश्न : मुलगा बी.ए. झाला आहे आणि एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्याला जायचे म्हणतो. त्याचे सगळे मित्र तिकडेच गेले आहेत. यांची नोकरी खासगी आहे आणि धाकटी मुलगी अजून अकरावीत आहे. पुण्याचा खर्च ऐकून छाती दडपते. त्याला नाही म्हटले तर तो दुखावेल. काय करावे?
— एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : नाही म्हणू नका, पण कधी आणि किती काळासाठी जायचे, हे त्याच्याबरोबर बसून ठरवा. पुण्यातल्या सदाशिव आणि नारायण पेठांत तयारी करणाऱ्या मुलाचा खर्च एका ठिकाणी होत नाही. कॉटचे भाडे, मेस, अभ्यासिकेची फी, क्लासची फी, सराव परीक्षा आणि पुस्तके अशा पाच-सहा वाटांनी पैसा जातो, आणि परीक्षेची तारीख पुढे गेली की हे सगळे खर्च तितके महिने आणखी चालू राहतात. घराचे कंबरडे मोडते ते पुण्याच्या महागाईपेक्षा या लांबलेल्या वर्षांमुळे.

माझे मत असे आहे की, पहिले वर्ष त्याने कोल्हापुरातच घालवावे. पायाभूत अभ्यासाला लागणारी बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके अधिकृत संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. करवीर नगर वाचन मंदिरासारखे १८५० पासून चालत आलेले ग्रंथालय तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. घरचे जेवण आहे, भाडे नाही. या वर्षात एकदा पूर्वपरीक्षा द्यावी. तिच्यासाठी कोल्हापूरचे केंद्र घेता येते. त्या निकालावरून त्याला स्वतःलाच समजेल की कमी कुठे पडते आहे, आणि पुण्याला जायचेच झाले तर तो नेमके काय शोधायला जातो आहे हे त्याला माहीत असेल.

दरम्यान विनामूल्य प्रशिक्षणाच्या प्रवेश परीक्षा सोडू नयेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या तयारीसाठी राज्य शासनाचे पूर्व प्रशिक्षण केंद्र कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाच्या परिसरात आहे. प्रवर्गानुसार सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्था प्रवेश परीक्षा घेऊन निवडलेल्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात, आणि सारथीचे उपकेंद्र तर आपल्याच शहरात आहे. यांतून निवड झाली तर पुण्याला जाण्याचे ओझे तुमच्यावर फारसे पडणार नाही.

तो गेला, तर किती प्रयत्न आणि किती वर्षे, हे आधी ठरवून कागदावर लिहा, आणि त्यात धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेला पैसा कोणत्याही कारणाने मोडायचा नाही, हेही लिहा. मुलगा दुखावेल, ही भीती मला समजते. पण घरात किती पैसे येतात आणि कुठे जातात, हे पदवीधर मुलाला मोकळेपणाने सांगितले तर तो दुखावत नाही. न सांगता पैसे पाठवत राहिलो आणि एके दिवशी अचानक बंद केले, तेव्हा मात्र तो दुखावतो.

प्रश्न : माझे शिक्षण माझा दादा करतो. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. वर्गातल्या मैत्रिणी आठवड्यातून एकदा तरी बाहेर जेवायला किंवा सिनेमाला जातात, वाढदिवसाला वर्गणी काढतात. नाही म्हटले तर मी चिक्कू ठरते. गेले तर दादाचे पैसे उडवल्यासारखे वाटते. फोनवरून पैसे देताना किती गेले तेही कळत नाही.
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची आठवण झाली. त्यांचे वडील कागलला नोकरीला होते. वडील अकाली गेल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दर महिन्याला कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवत. विद्यार्थिदशेत एका मित्राने त्यांना आग्रहाने नाटकाला नेले. मित्रच तिकीट काढतो आहे असे ते समजत होते, पण पुढे त्याने दोन आणे मागितले. गोखल्यांनी ते मुकाट्याने दिले आणि ती तूट भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. तुम्ही दिवा विझवावा असे मी म्हणणार नाही. मात्र बेत ठरत असतानाच "किती वर्गणी आहे?" हे विचारण्याची सवय करा. ते विचारण्यात लाज नाही, आणि तुम्ही विचारलेत की गप्प बसलेल्या आणखी दोघी-तिघी मोकळ्या होतील. वर्गात तुमच्यासारख्या अनेकजणी असतात, पण प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असे वाटते.

महिन्याला मैत्रिणींसाठी एक रक्कम ठरवा आणि ती दादांना सांगून ठरवा. दादा नाही म्हणणार नाहीत. त्या रकमेत महिन्यातून एकदा सगळ्यांबरोबर मिसळ खायला जाणे बसते. बाकीच्या वेळी रंकाळ्यावर फिरायला जाण्याचा बेत तुम्हीच सुचवा. त्याला पैसे लागत नाहीत आणि गप्पा तर तिथेच जास्त होतात. फोनवरून पैसे देण्याची तुमची तक्रार खरी आहे. दर सोमवारी आठवड्याच्या किरकोळ खर्चाचे पैसे रोख काढून पाकिटात ठेवावेत आणि फोनवरून केवळ भाडे, मेस आणि फी भरावी. पाकीट हलके होत गेलेले हाताला कळते.

प्रश्न : महाडीबीटी संकेतस्थळावर भरलेल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पैसे अजून आले नाहीत. ते येतील या भरवशावर मी खोली घेतली. आता दोन महिन्यांचे भाडे थकले आहे. एक मित्र मोबाइल अॅपवरून झटपट कर्ज घे म्हणतो.
— पदव्युत्तर विद्यार्थी, सायबर चौक परिसर

उत्तर : ते कर्ज घेऊ नका. अशा अनेक अॅपांत व्याज आणि शुल्क आधीच कापून हातात कमी रक्कम येते आणि परतफेडीची मुदत काही दिवसांचीच असते. हप्ता चुकला की फोनमधल्या ओळखीच्या लोकांना फोन करून बदनामी केली जाते. थकलेल्या दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा ते संकट कितीतरी मोठे आहे.

आजच घरमालकांना भेटा. अर्जाची छापील प्रत आणि त्यावरची सद्यःस्थिती दाखवा आणि चालू महिन्याचे भाडे पूर्ण, तर थकबाकी तीन-चार हप्त्यांत देण्याचे लेखी कबूल करा. मुले टाळाटाळ करू लागली की मालक चिडतात. समोर येऊन तारीख देणाऱ्याला ते बहुधा सांभाळून घेतात. त्यानंतर महाविद्यालयाच्या किंवा विभागाच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे जाऊन अर्ज नेमका कोणाच्या टेबलावर अडला आहे, ते पाहा. बहुतेक वेळा अडचण लहान असते : आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला नसतो, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते किंवा महाविद्यालयाच्या पातळीवर अर्ज पुढे पाठवायचाच राहिलेला असतो. त्रुटी दाखवून परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष हातचे जाते, म्हणून आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून पाहावे.

शिष्यवृत्तीचे पैसे महिन्याच्या खर्चात कधीच धरू नयेत. ते आले की पुढच्या वर्षाच्या फीसाठी आणि अनामतीसाठी बाजूला ठेवावेत. चालू खर्चासाठी तुम्ही शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात शिकत असाल, तर "कमवा आणि शिका" योजनेची चौकशी करा. विद्यापीठाच्या विभागांत रोज काही तास काम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची सोय त्यात आहे. संलग्न महाविद्यालयात शिकत असाल, तर तिथे ही योजना किंवा गरजू विद्यार्थ्यांसाठीचा निधी आहे का, हे प्राचार्यांना लेखी अर्ज करून विचारा. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला, मागच्या परीक्षेची गुणपत्रिका आणि भाडेकराराची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.